दमापुरती चढाई

पंचांनी शिट्टी वाजवून शिवदासला बाद दिलं, आणि पुढच्या चढाईला हात करायचा सोडून ते चुन्याची रेषा ओलांडून सरळ प्रेक्षकांकडे चालत आले. प्रेक्षकांकडे म्हणजे जयवंत घाडीकडेच. "काका," ते म्हणाले, आणि आवाजात राग असा नव्हता, सकाळपासून उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाचा शिणवटा तेवढा होता, "त्या पोराचा दम मला ऐकू येत नाही हो. तुमचाच ऐकू येतो." एवढं बोलून ते परत मैदानात गेले, हात केला, खेळ पुढे चालू झाला. काही झालंच नाही असा चालू झाला. जयवंताच्या तोंडात मात्र अर्धा शब्द तसाच राहिला. 'कबड्डी'तला 'कब' बाहेर पडला होता आणि उरलेला घशात अडकून बसला होता, गोळी पाण्याशिवाय गिळावी आणि मध्येच थांबावी तसा. त्याच्या मागे कॉलेजची दीड-दोनशे पोरं उभी होती, तीही क्षणभर गप्प झाली, आणि त्या शांततेत मुलुंडकडच्या कुठल्याशा कॉलेजातला एक टारगट हसला. बावन्न वर्षांच्या माणसाला आपले कान गरम झालेले कळतात. जयवंताला ते कळले, आणि त्याहून आत, छातीच्या डाव्या बाजूला, काहीतरी सरकून रिकामं झाल्यासारखं वाटलं.

कारण ती सगळी त्याचीच करणी होती. बोरीवलीच्या त्या कॉलेजात जयवंत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडन्ट होता, तेवीस वर्षं, आणि तेवीस वर्षं कॉलेजच्या कबड्डी संघाचा एकही सामना त्याने चुकवला नव्हता. त्यातली सात-आठ वर्षं संघ मोठा होता. या वर्षी मात्र कशी वाट लागली होती ते कुणालाच सांगता येत नव्हतं. पकड उत्तम, म्हणजे समोरचा गडी आत आला की परत जाणं मुश्कील. पण आपला गडी त्यांच्या अंगणात गेला की एकतर रिकाम्या हाताने परत, नाहीतर परत नाहीच. चढाईच नव्हती. कॅन्टीनमध्ये पोरं चहाच्या ग्लासांच्या जागा बदलून चढाया मांडून दाखवत, आणि शेवटी सगळ्यांचं बोट एकाच ग्लासावर येऊन टेकायचं: शिवदास. मढच्या कोळ्याचा मुलगा, उंच, हात गुडघ्यापर्यंत पोचणारे, आदल्या वर्षी एका दमात तीन-तीन गडी मारून आलेला. "कोळ्याचा दम आहे रे, कमी कसा पडेल?" असं प्राध्यापकांपासून शिपायांपर्यंत सगळे म्हणत. शिवदास जाता-येता ते ऐकत असे आणि मान खाली घालून हसत असे. लवू म्हणजे जयवंताचा जुना दोस्त, परळच्या गिरणीतून संपानंतर घरी बसलेला आणि आता बोरीवलीत एका सोसायटीचा पंप सांभाळणारा, तो तर प्रत्येक सामन्याला येऊन मालवणीत गरजत असे, "कोळ्याचो झील आणि दम नाय? समुद्रात काय झोपाक जाता काय रे तू?" आणि सगळी पोरं हसत. हसता हसता ती पुन्हा त्याच्याकडूनच सगळं मागत.

मग जयवंताला ती कल्पना सुचली. त्याला कीर्तनाचं वेड. पूर्वेच्या विठ्ठल मंदिरात बळवंतबुवा उभे राहिले की त्यांच्या मागे टाळकऱ्यांच्या पहिल्या ओळीत, डावीकडून तिसरा, जयवंत. अठरा वर्षं ती जागा कुणी घेतली नव्हती. बुवा चरण म्हणत, वर जात, अर्थात शिरत, घामाघूम होत, आणि नेमका त्यांचा श्वास उणा पडू लागला की मागच्या दहा-बारा गळ्यांनी ध्रुपद उचलायचं. ते उचललं की बुवा कमरेवर हात ठेवून दोन श्वास घेत, उपरण्याने कपाळ पुसत, आणि पुन्हा ताजे होऊन पुढे निघत. कीर्तन बुवा करतात हे खरं, पण बुवांचा श्वास मागचे सांभाळतात. हे जयवंताला कुणी शिकवलं नव्हतं, उभं राहून राहून कळलं होतं. तेव्हा शिवदास आत गेला की आपण मागून ध्रुपद उचलायचं. तो 'कबड्डी कबड्डी' म्हणत जाईल, आपण दोनशे जण त्याच्याबरोबर म्हणायचं, त्याला एकटं वाटू द्यायचं नाही. पोरांना ते जाम आवडलं. पहिल्या दिवशी दोनशे आवाज एका तालात उठले तेव्हा जयवंताच्या अंगावर काटा आला. मैदानाची लाल माती त्याला घटकाभर मंदिराच्या फरशीसारखी वाटली. आणि त्या दिवशी शिवदासने दोन गडी मारले. त्याच्या पुढच्या सामन्यात तीन. झकास, घाडीकाका, झकास, असं म्हणून पोरांनी त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

तो सामना, पंच चालत आले तो, ते तीन गुणांनी हरले. कांदिवलीच्या मैदानावरून जयवंत आणि लवू चालतच घराकडे निघाले. डिसेंबरची संध्याकाळ, हवेत कुठेतरी पाला जाळल्याचा वास. लवू बोलत होता, पंचाच्या घराण्याचा उद्धार करत होता, आणि जयवंत ऐकत नव्हता. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट हळूहळू, पाण्यात साखर विरघळावी तशी, किंवा उलट, विरघळलेलं काहीतरी पुन्हा घट्ट होऊन तळाशी बसावं तशी, स्पष्ट होत चालली होती. कीर्तनात ध्रुपद उचलतात ते बुवांना श्वास घेता यावा म्हणून. आणि कबड्डीत श्वास घेतला की बाद. एकाच श्वासात 'कबड्डी' म्हणत जायचं, त्याच श्वासात परत यायचं, आणि तो अखंड आहे हे पंचाने कानाने ऐकायचं. खेळ सगळा त्या ऐकण्यावर उभा. तेवीस वर्षं सामने पाहिलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. ते एका कप्प्यात ठेवलं होतं आणि टाळ दुसऱ्या कप्प्यात, आणि दोन्ही कप्प्यांची कधी गाठच पडू दिली नव्हती. म्हणजे ज्या पोराचा श्वास सांभाळायला आपण उभे राहिलो, त्याचाच श्वास आपण झाकून टाकला. "अरे, खंय लक्ष तुझा?" लवूने त्याचा दंड धरून त्याला रिक्षाच्या वाटेतून बाजूला ओढलं. "मरशील मेल्या." जयवंत म्हणाला, "लवू, पंचाचं बरोबर होतं रे." लवू थांबला. मग म्हणाला, "पंचाचा कधी बरोबर असता?" आणि पुन्हा चालू लागला.

घरी मालनने, त्याच्या बायकोने, ताट वाढलं. तो जेवताना गप्प आहे हे तिला पहिल्या घासालाच कळलं, तरी भात संपेपर्यंत तिने विचारलं नाही. अशी तिची पद्धत. मग त्याने सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि ताक ओतता ओतता म्हणाली, "त्या पंचांना आज कळलं होय? मला विचारायचं. मंदिरात मी बायकांत बसते ना, तर तुमचा आवाज मला खणखणीत येतो. बुवांचा येत नाही." ती हसत म्हणाली, त्यात टोमणा असला तरी मायेचा होता, आणि लगेच, "अजून भात घ्या," असंही म्हणाली. पण जयवंताचा हात ताटातच थांबला. अठरा वर्षं. अठरा वर्षांत बुवांच्या तोंडून निघालेल्या किती ओळी शेवटपर्यंत आपण ऐकल्या? आपण तर ओळ संपायची वाटच पाहत असायचो. बुवांचा स्वर खाली उतरू लागला की टाळ छातीशी येत, पाय तालावर यायचे, गळ्यात आवाज भरून यायचा, आणि ती ओळ शेवटी कुठे जाऊन टेकते ते आपल्याच आवाजाखाली जायचं. प्रेमानेच. त्यात खोट नव्हती, हे तो देवासमोर सांगू शकला असता. तरीही ते जायचं.

रात्री अंथरुणावर त्याला बाबा आठवले. ते गिरणीच्या संघात खेळत, आणि लहानपणी जयवंत त्यांच्या सामन्यांना लालबागला जात असे, आईच्या कडेवरून आणि पुढे आईचं बोट धरून. आई कधी ओरडली नाही. नऊवारीचा पदर दातात धरून ती मध्यरेषेच्या समोर उभी राही, आणि बाबा आत गेले की तिचं बोट त्याच्या बोटाभोवती घट्ट होई, इतकं घट्ट की दुखत असे. बाबा रेषेवर परतले की सैल होई. त्याला वाटायचं, आईला खेळ कळत नाही, म्हणून ती गप्प. बाकीच्या बायका केवढ्या ओरडत. आता, एवढ्या वर्षांनी, छताकडे पाहत पडलेला असताना, त्याला त्या बोटाची ती घट्ट होण्याची आणि सैल होण्याची लय पुन्हा आपल्या हातात जाणवली. तो श्वास होता. ती बाबांबरोबर श्वास धरून उभी राहायची. तिला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि ही गोष्ट तिने आज दिली. त्याने अंधारातच हात जोडले. डोळ्यांतून पाणी आलं ते दुःखाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रॅक्टिकल संपून पोरं गेली, आणि जयवंत परीक्षानळ्यांना ब्रश घालत असताना दारात शिवदास येऊन उभा राहिला. तो कला शाखेचा, प्रयोगशाळेशी त्याचा काही संबंध नव्हता. सडक्या अंड्यासारख्या त्या वायूचा वास अजून खोलीत होता. शिवदासने नाक मुरडलं नाही. "काका, तुम्हाला लई लागलं काय काल?" त्याने विचारलं. आणि जयवंत "चुकलं रे माझं, बाबा," असं म्हणायला वळतोय तोच तो म्हणाला, "तसं नाही काका. एक खरं सांगू? कुणाला बोलू नका." तो टेबलाच्या कडेला बोटाने रेघा ओढत राहिला. "दम माझाच तुटायचा."

श्रावणात त्याला टायफॉइड झाला होता. महिनाभर पडून. उठला तेव्हा पाय आले, हात आले, पण छाती काही पूर्वीची झाली नाही. चार-पाच पावलं आत गेलं की आतून कुणीतरी बोळा घातल्यासारखं होई. हे सांगायचं कुणाला? घरी बाप म्हणे, खा, म्हावरं खा, येईल. कॉलेजात तर सगळ्यांनी त्याचं नावच दम ठेवल्यासारखं झालेलं. नंदकुमार सरांनी, म्हणजे संघाच्या प्रशिक्षकांनी, निवड करताना पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, तू आहेस म्हणून मी निवांत झोपतो. "मग तुम्ही सगळे ओरडायला लागलात," शिवदास म्हणाला, "तेव्हा मला देवच भेटला, काका. तुमच्या आवाजात मी गुपचूप एक श्वास घ्यायचो. ते दोन सामने, ते पाच गडी, ते तसले. पंचांना कळत नव्हतं. काल कळलं." त्याने मान वर केली. त्याचे डोळे लाल झाले होते, पण तो रडत नव्हता. "आता सर म्हणाले, परवा एक शेवटची संधी. नाही जमलं तर बसवणार."

जयवंताच्या मनात त्या क्षणी पहिल्यांदा काय आलं तर सुटल्यासारखं वाटलं: म्हणजे आपणच बुडवलं असं नाही. आणि लगेच त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच त्याला लाज वाटली. ब्रश नळीत तसाच राहिला, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. या पोराला रागवायचं का? श्वास चोरणं म्हणजे चोरीच. पण चोरायला अंधार कुणी करून दिला? दोनशे जणांनी मिळून त्याच्यावर एवढ्या अपेक्षा टाकल्या, आणि मग त्यांच्याच गजरात त्याला लपायला जागा करून दिली, तो लपला. आपण जिथे उभं केलं तिथेच तो लपला. "परवा आम्ही गप्प बसलो तर?" जयवंत म्हणाला. शिवदासचा चेहरा उतरला. "नको काका. मग सगळ्यांना कळेल." "ओरडलो तर पंच बाद देणार. तो आता कान लावून बसलाय." "मग मी काय करू?" हे त्याने इतक्या लहान आवाजात विचारलं की जयवंताला हात पुसून त्याच्या खांद्यावर ठेवावासा वाटला, आणि त्याने ठेवला.

"आमचे बुवा आहेत ना, बळवंतबुवा," जयवंत म्हणाला. आणि बोलता बोलता त्यालाच उमगत गेलं, आधी ठरवून ठेवलेलं असं काही नव्हतं. "सत्तरी ओलांडली त्यांनी. चार वर्षांमागे छातीचं दुखणं झालं. आधी त्यांची एक ओळ म्हणजे कशी, इथून निघाली की तिकडे कळसाला जाऊन आली. दुखण्यानंतर पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा आमच्या पोटात गोळा. तर त्यांनी काय केलं? ओळ तोडली. तीन शब्द म्हणायचे, थांबायचे. पुन्हा तीन शब्द. कुणापासून लपवलं नाही. उघडच म्हणाले, माझ्याजवळ आता एवढंच आहे, तेवढ्यात होईल ते घ्या. आणि तुला सांगतो शिवदास, माणसं पुढे सरकून बसायला लागली रे. कानामागे हात धरून ऐकायला लागली." तो थांबला. "तुझ्या दमात किती पावलं बसतात?" शिवदासने विचार केला. "आत चार. परत यायला तीन राहायला पाहिजेत." "निदान रेषा ओलांडते त्यात?" ती ओलांडल्याशिवाय चढाई धरतच नाहीत. "ओलांडते. पण तेवढ्यात कोण सापडणार काका?" "एखादा सापडेल. नाही सापडला तर रिकामा ये. पण स्वतःचा ये." शिवदासने टेबलाच्या कडेवर बोटाने चार पावलं मोजली. मग म्हणाला, "लवूकाका गप्प बसतील?" आणि दोघंही हसले, त्या खोलीतल्या वासात बराच वेळ हसले.

नंदकुमार सरांना टायफॉइडचं शिवदासने स्वतः जाऊन सांगितलं, त्याच संध्याकाळी. सर म्हणाले, "गाढवा, आधी नाही बोललास?" आणि त्याला काढलं नाही, पण शब्दही मागे घेतला नाही. एक संधी म्हणजे एकच. पोरांना समजावायला जयवंताला कॅन्टीनच्या खुर्चीवर उभं राहावं लागलं. आजाराचं त्याने सांगितलं नाही, ते शिवदासचं होतं. एवढंच म्हणाला की परवा शिवदास आत असेल तोवर एकाने तोंड उघडायचं नाही. "काका, मग यायचं कशाला? घरी बसून पण गप्प बसता येतं ना," एक जण म्हणाला. हशा झाला. जयवंत म्हणाला, "घरी बसून ऐकू येत नाही." ते त्यांना कितपत पटलं कोण जाणे. लवूने मात्र ऐकून घेतलं, बराच वेळ मिशी चावली आणि म्हणाला, "मी रुमाल घालीन तोंडात. पण सांगून ठेवतंय, ह्या काय खरा नाय."

सामना चारला होता, मुलुंडच्या कॉलेजशी. जिंकलं तर उपांत्य फेरी, हरलं तर घरी. पाणी मारलेली माती, नवी चुन्याची रेषा, तेच पंच. शिवदास पहिल्यांदा आत गेला आणि बोरीवलीच्या बाजूची दोनशे पोरं एकदम गप्प झाली; इतकी की पंचांनी वळून पाहिलं. आणि त्या शांततेत जयवंताने तो आवाज ऐकला. पूर्ण हंगाम तो या पोरासाठी घसा फोडत होता, आणि त्याचा चढाईतला आवाज कसा आहे ते त्याला ठाऊकच नव्हतं. तो जाड असेल असं त्याने धरलं होतं, एवढ्या अंगाला शोभेलसा. तो बारीक होता. थोडा चिरका, थोडा नाकातला, शेवटच्या 'डी'वर किंचित हेलकावणारा, किनाऱ्यावरून कुणी होडीतल्याला हाक मारावी तसा. एक पाऊल, दोन, तीन, चार, निदान रेषेपलीकडे टाच पडली, आणि तो परत फिरला. रिकामा. कुणीतरी मागे "च्च" केलं. दुसऱ्या चढाईतही रिकामा. मुलुंडवाले हसू लागले, त्यांच्यातला एक पुढे येऊन छाती दाखवू लागला: ये की आत, ये. एवढं आखडून खेळणारा कोळी त्यांनी पाहिला नव्हता. जयवंताला वाटलं, आपण या पोराला काय करायला लावलं? आतल्या आत कुणीतरी म्हणत होतं, ओरड, एकदा ओरड, त्याला आधार वाटेल. आणि ते म्हणणारं जे कोण होतं त्याला आधार स्वतःलाच हवा होता. त्याने ओठ घट्ट मिटले. शेजारी लवूच्या तोंडात खरोखरच निळ्या चौकड्यांचा रुमाल होता आणि कपाळावरची शीर टरारली होती.

तिसऱ्या चढाईत तो पुढे आलेला छातीवालाच सापडला. शिवदासला आत जावंच लागलं नाही. लांब हात नुसता सुटला, बोटं त्याच्या दंडाला लागली, आणि तीन पावलांत तो परत. मग मुलुंडवाले सावध झाले, मागे सरकले. तो रिकामा आला. पुढे आले, त्याने एक घेतला. असं चाललं. मोठं काही नाही. एक, मग काही नाही, मग एक. पण आपला गडी परत येत होता, दर वेळी येत होता, आणि तो येतोय म्हणून पकड करणाऱ्यांच्या अंगात वेगळंच बळ आलं. मध्यंतरानंतर जयवंताच्या लक्षात आलं की आपण आणि शिवदास एकत्रच श्वास धरतोय आणि एकत्रच सोडतोय; आणि फक्त आपण नाही, मागची रांगच्या रांग तसं करतेय. तो रेषेवर परतला की दोनशे छात्यांचा एकच निःश्वास बाहेर पडे, भरतीच्या वेळी वाळूवर पाणी पसरावं तसा. टाळ नव्हते, मृदंग नव्हता. पण इतक्या वर्षांत एवढ्या जवळून ऐकणं त्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

शेवटचं मिनिट राहिलं तेव्हा ते दोन गुणांनी मागे होते. शिवदास आत गेला. चार पावलं झाली. उजव्या कोपऱ्यावरचा गडी जरा पुढे होता. शिवदास वाकला, बोटं त्याच्या गुडघ्याला टेकली, आणि तो वळला तेवढ्यात दुसऱ्याने झेप टाकून त्याचा घोटा धरला. तो उताणा पडता पडता पालथा झाला. तिसरा पाठीवर आला. मध्यरेषा हातभर लांब, आणि आवाज कमी होत चाललेला. तो मातीत तोंड घालून 'कबड्डी' म्हणत होता, शब्द राहिलेच नव्हते, नुसती 'डी, डी' अशी एक दोऱ्याएवढी रेघ राहिली होती. पंच गुडघ्यावर बसले. कान खाली नेला. पूर्ण मैदानावर त्या रेघेशिवाय दुसरा आवाज नव्हता. जयवंताला आपलं रक्त कानात ऐकू येत होतं, आणि त्याला वाटलं, हेही थांबलं तर बरं, याने अडथळा नको. बोटं पुढे सरकली. माती खरवडत सरकली. रेघ होती. अजून होती. मधल्या बोटाचं टोक चुन्याला लागलं, आणि मगच ती विझली.

पंच उठले. त्यांनी दोन बोटं वर केली, मग तिसरं: गुडघ्याला हात लागलेला, घोटा धरलेला आणि पाठीवर पडलेला, तिघेही बाद. अजून काही सेकंद होते. मुलुंडचा एक गडी शेवटच्या चढाईला आत आला, निदान रेषेशी घुटमळला, आपल्या पकडवाल्यांनी घाई केली, त्यांची साखळी सुटली, आणि तो दोघांना हात लावून पळाला. लांब शिट्टी झाली. एका गुणाने हरले. पण ते कुणाच्या ध्यानात यायच्या आधीच लवूने तोंडातला रुमाल काढला आणि म्हणाला, "आता वराडलो तर चलात मां?" आणि उत्तराची वाट न बघता अशी काही बोंब ठोकली की दोनशे पोरं तिच्यामागे फुटली. मुलुंडवाल्यांना कळेना, जिंकलं कोण.

नंदकुमार सर शिवदासच्या केसांतली माती झटकत होते. पुढच्या वर्षीचं काहीतरी बोलत होते. त्यांच्या हाताखालून सुटून तो जयवंताकडे आला. नाकाशी रक्त, दातांवर माती, छाती वर-खाली. बोलायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"काका, आला ना आवाज?"

जयवंताला खूप काही सांगायचं होतं. आई, बुवा, मालन, ते पंच, सगळी मंडळी एकदम समोर उभी राहिल्यासारखी झाली होती, आणि प्रत्येकाचं काही ना काही देणं लागत होतं असं नव्हे, प्रत्येकाने आपण न मागता काहीतरी हातावर ठेवलं होतं. त्याने खिशातून धुतलेला रुमाल काढला आणि पोराचं तोंड पुसू लागला.

"आला रे, बाबा," तो म्हणाला. "शेवटपर्यंत आला."